समुद्राकडचं दार

बालवाडीचं समुद्राकडचं दार मी लावून घेतलं आणि आतून अडसर सरकवला. माझी चूक एवढीच. बाकी त्या प्रवासात मी ट्रंक सांडली, एक चप्पल खाडीला अर्पण केली, भर सभेत तोंडघशी पडलो. पण त्या चुका माझ्या मलाच भोवल्या, आणि चारचौघांत सांगताना त्यांचं हसू येतं. दाराची चूक मला भोवली नाही. म्हणून ती आधीच सांगून टाकली. आता सावकाशीने निघू.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पुण्यात शिक्षणाचं संशोधन करणाऱ्या एका संस्थेत मी नुकता चिकटलो होतो. शाळेत जाण्याआधीच्या वयाची मुलं एका कामात किती वेळ रमतात, हा आमचा विषय. मला स्वतःला तेव्हा मूल नव्हतं, त्यामुळे मुलांविषयी माझी मतं अगदी पक्की होती. शहरातल्या बालवाड्या घड्याळ लावून मोजून झाल्या होत्या. आता समुद्रकाठची एखादी मोजावी असं ठरलं, आणि मालवण हे नाव ऐकताच मी हात वर केला. संशोधनासाठी केला असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण बांगडा.

ट्रंकेत रंगीत मणी, लाकडी ठोकळे, चित्रांचे पुठ्ठे आणि संस्थेचं स्टॉपवॉच घेऊन कोल्हापूरहून एस.टी.त बसलो. फोंडा घाट उतरताना पोटातलं सगळं वर आलं आणि कसालच्या थांब्यावर टपावरचं सगळं खाली आलं. ट्रंकेची कडी निसटली आणि लाल-पिवळे मणी स्टँडभर उधळले. गाडी थांबवून अर्धी एस.टी. वेचायला लागली. एका टोपलीवाल्या बाईने ओंजळ भरून मणी माझ्या पुढ्यात धरले.

"चेडवाच्या (मुलीच्या) लग्नाचा सामान काय?"

"नाही, शाळेचं आहे."

"शाळेत मणी शिकयतत?" तिने शेजारणीकडे पाहिलं. "बरां आसा. आमच्या वक्ताक नुसत्यो छड्यो होत्यो."

मालवणला पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. खाणावळीत पाटावर बसलो, हात धुतले, आणि घरून निघताना पाठ केलेली यादी म्हणून दाखवली: बांगडा, सुरमई, निदान तारल्या तरी. खाणावळवाल्याने माझ्यासमोर कुळथाची पिठी आणि भात ठेवला.

"मासळी नाय," तो म्हणाला.

"उद्या?"

"फाल्या (उद्या) दर्याक इचारा."

जेवून मी बाजाराकडे गेलो. मासळीच्या ओट्यावर तीन बायका रिकाम्या पाट्या उपड्या घालून त्यांवर बसल्या होत्या. गिऱ्हाईक नाही, माल नाही, तरी त्या आल्या होत्या. बोलत नव्हत्या. मांजरंसुद्धा कुठे दिसली नाहीत. मी तिथे उभं राहून वहीत लिहिलं, 'मालवणचा बाजार शांत व स्वच्छ आहे.' ती वही माझ्याकडे अजून आहे. कधी फार शहाणपण सुचायला लागलं की उघडून वाचतो.

दुसऱ्या दिवशी पहिली खाडी ओलांडून बैलगाडीने सर्जेकोटला गेलो. पुढे गड नदी समुद्राला मिळते, आणि पलीकडे तोंडवलीची जमीन एखाद्या जिभेसारखी लांबलचक पडलेली: एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माड आणि घरं. तिकडे जायला तर (प्रवासी होडी). तरीत चढताना माझा पाय गाळात रुतला तो चप्पल तिथेच ठेवून वर आला. तरीवाला आपा, काळाभोर म्हातारा, माझी ट्रंक उचलताना वाकला.

"काय आसा ह्येत, सायबानू? धोंडे?"

"लाकडी ठोकळे. आणि मणी."

"विकूक?"

"नाही हो. तोंडवलीच्या बालवाडीतल्या मुलांना द्यायचे, आणि मुलं किती वेळ लक्ष लावून बसतात ते घड्याळावर मोजायचं."

आपाने दोन-तीनदा वासा रेटला. नदी तेलासारखी जड होती.

"आणि मोजून काय करतलात?"

"अहवाल लिहिणार."

"मगे ठीक आसा," तो म्हणाला, आणि पलीकडचा काठ येईपर्यंत माझ्याकडे पाठ करून राहिला.

माझी सोय दाजी तांडेल यांच्याकडे होती. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. दाजी वाडीच्या रापणीचेही म्होरके होते. रापण हे भलंमोठं जाळं. होडीने समुद्रात अर्धं कडं घालून ते सोडतात, दोन्ही टोकांच्या काथ्याच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणतात, आणि अख्खी वाडी दोन रांगा करून तासन्‌तास ओढते. दाजी साठीचे, कमी बोलणारे. त्यांच्या ओटीवर जाळ्याचा ढीग वाळून कडकडीत झाला होता.

"दीड म्हयनो झालो," त्यांनी सांगितलं. "तारली नाय, बांगडो नाय. रोज होडी घालतंव, जाळा सोडूक मासळीच दिसना, रोज रिकामी येता. जेवक पेज आसा. चलात मा?"

"चालेल की," मी म्हटलं, आणि मनातल्या मनात बांगड्याला हळहळलो. घरात पाच तोंडं होती आणि पेजेचं मडकं केवढं होतं, हे मला दिसलं. पण दिसणं आणि कळणं यांत माझ्या बाबतीत नेहमीच दोन दिवसांचं अंतर पडतं.

बालवाडी एका जुन्या मांगरात (आडोशाच्या खोपीत) भरायची. पूर्वी तिथे जाळी ठेवत. एक खिडकी नदीकडे, आणि समुद्राकडे रुंद दार. त्यातून वाळू, होड्या आणि पाण्याचा मोठा राखी पट्टा दिसे. चौदा मुलं, सगळी तीन ते सहा वर्षांची. त्यांच्या शिक्षिका इंदूबाई मालवणच्या, तिशीच्या, काटक. माझ्याशी शाळेतलं मराठी बोलत, मुलांशी तिथलं. शिंपले मोजत, वाळूत अक्षरं गिरवून घेत, जाळ्याची गाठ मारायला शिकवत. मधल्या वेळेला परक्या देशातून आलेल्या पावडरीचं दूध. मुलं ते नाक धरून पीत. पण पीत, त्या दिवसांत काहींच्या पोटात सकाळपासून तेवढंच गेलेलं असे.

मी पाट मांडला, मणी ओतले, घड्याळ काढलं आणि मोजायला बसलो. पहिल्याच दिवशी माझा धीर सुटला. पोरं मणी छान ओवत, पण दर दोन मिनिटांनी चौदाच्या चौदा माना समुद्राकडे वळत. एक मान वळली की सगळ्या. काही दिसत नसे, पुन्हा परत. मी तक्त्यात लिहीत सुटलो: 'बाहेर पाहिले. बाहेर पाहिले. चंचल. बाहेर पाहिले.'

त्यातल्या त्यात शेवंती नावाची पाच वर्षांची मुलगी मला आवडली. गप्प, केसांच्या दोन काड्या, चेहरा एखाद्या मोठ्या बाईसारखा. मणी देताना तिचे तळहात दिसले. आडवे घट्टे पडले होते. मी नोंद केली, 'हाताची पकड वयाच्या मानाने मजबूत.' पकड कशाने मजबूत झाली, असा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता.

संध्याकाळी इंदूबाई मांगर झाडत होत्या तेव्हा मी त्यांना थोडं शास्त्र शिकवलं.

"बाई, या दारामुळे मुलांचं चित्त उडतं."

"ते दार तसंच हवं," त्या म्हणाल्या. "मी इथं आले ना, तेव्हा पहिलं वर्षभर एकही मूल येत नव्हतं. मग मी सगळ्या आयांना एक शब्द दिला. तेव्हापासून—"

"ते झालंच हो," मी त्यांना तोडलं. "पण आजूबाजूचा व्यत्यय काढून टाकला, तर मूल मुळात किती टिकतं ते कळतं. शास्त्रात याला महत्त्व आहे."

बाई पुन्हा झाडायला लागल्या. कोणता शब्द, हे विचारायचं मला सुचलं नाही. शास्त्र सांगणाऱ्या माणसाला सहसा सुचत नाही.

माझी आणखी एक तक्रार होती: मुलं मणी ओवताना बाईंच्या तोंडाकडे बघत. म्हणून तिसऱ्या दिवशी मी त्यांना सुचवलं की मालवणला दुधाच्या पावडरीचा डबा येऊन पडला आहे, तो आजच आणावा. मी मुलं सांभाळतो. त्यांच्या मनात नव्हतं. पण मी पुण्याचा, मी लिहिणार तोच अहवाल वर जाणार. त्या निघाल्या. उंबऱ्याशी पुन्हा वळल्या.

"दार तेवढं उघडं ठेवा हं."

"हो हो."

"नक्की ना?"

"अहो बाई, मी काय लहान आहे?"

त्यांची तर पलीकडे गेली, आणि मी दार लावलं.

आत एकदम अंधारलं. नदीकडच्या खिडकीतून उजेडाची एक पट्टी पाटावर पडत होती, तेवढीच. मुलं चुपचाप झाली. काय शांतता म्हणता! एकेकाला पुढे बोलावलं, मणी दिले, घड्याळ दाबलं. कुणी मान वळवली नाही. वळवून बघायला काही नव्हतंच. परका माणूस, बंद दार, अंधार. आता कळतं की ती पोरं भ्याली होती. तेव्हा मी लिहिलं, 'एकाग्रतेत लक्षणीय वाढ.'

बऱ्याच वेळाने बाहेर ओरडा झाला. वारा होता, लाटांचा आवाज होता, शब्द कळले नाहीत. मुलांत मात्र वारं शिरलं. सगळी उठली. दारावर थाप पडली.

"ओ सायबानू! पोरांका—"

"आत परीक्षा चालू आहे!" मी ओरडलो. "नंतर या."

परीक्षा हा शब्द फार वजनदार. पलीकडचा माणूस वाळूत पावलं वाजवत निघून गेला. मी मुलांना बसवलं. शेवंती बसेना. अडसरापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. ती नुसती फळीला हात लावून उभी.

"माका जावक होया," ती म्हणाली.

"कुठे?"

"दोरयेर (दोरीवर). आवशीन (आईने) सांगल्यान हा."

तिने इतकं स्पष्ट सांगितलं होतं. आणखी कसं सांगायचं पाच वर्षांच्या मुलीने? मी म्हटलं, "आधी मणी, मग खेळ. आता तुझीच पाळी."

ती येऊन बसली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, आवाज नाही. बोटं थांबली नाहीत. एक मणी, दुसरा मणी. दोरा संपला तेव्हा मी घड्याळ दाबलं. एकोणीस मिनिटं! पुण्याच्या बालवाड्यांत मला असा आकडा मिळाला नव्हता. मी तिची पाठ थोपटली.

मग दार उघडलं.

किनाऱ्यावर चांदी पडली होती. रापण वर आली होती आणि जाळ्यात बांगडे उसळत होते; दीड महिन्यानंतरचे पहिले. बायका, म्हातारे, सगळे भिजलेले, हसणारे, एकमेकांना ढकलणारे. माझी मुलं सुसाट सुटली. शेवंती सगळ्यांच्या पुढे. पण ती माशांकडे गेली नाही. दोरी ओढून संपली होती, वेटोळं घालून वाळूत पडली होती. तिने तिचं टोक दोन्ही हातांत धरलं, टाचा रोवल्या आणि ओढायला लागली. सैल दोरी वाळूवरून सरकत तिच्याकडे येत राहिली.

"सोड गो चेडवा," एक म्हातारी म्हणाली. "झाला ता. संपला."

ती सोडेना. लोक तिच्याकडे बघायचं टाळत होते. मी काही टाळलं नाही. मला वाटलं, किती गोड खेळते आहे. मी माशांच्या ढिगाभोवती नाचत होतो. दाजी वाळूत एकेका घराचा वाटा लावत होते. एका ठिकाणी त्यांचा हात थांबला, त्यांनी शेवंतीकडे पाहिलं, मागे कुणीतरी पुटपुटलं, आणि त्यांनी ते मासे दुसऱ्या ढिगात टाकले. मग मला हाक मारून पाच बांगडे दिले.

"पावण्याचो वाटो. दोरयेक हात लावल्याशिवाय पावण्याक गावता (मिळतं) फक्त."

यातही मला काही कळलं नाही. मी बांगडे मोजले.

दिवेलागणीला दाजींच्या बायकोने त्यांतल्या दोन बांगड्यांचं तिरफळं घातलेलं तिखलं केलं. दीड महिन्याने त्या घरात कालवणाचा वास सुटला होता. मी दोन्ही खाल्ले, बोटं चाटली, आणि उरलेल्या तीन बांगड्यांचं सकाळी काय करावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात इंदूबाई आल्या. काखेत डबा, साडीला तरीतला चिखल. त्यांना वाटेतच कळलं होतं. ओटीवर बसल्या नाहीत.

"दार लावलंत," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी जे मी मांगर झाडतानाच्या त्या संध्याकाळीच ऐकायला हवं होतं ते सांगितलं. शेवंतीचा बाप रापणीचा. तीन वर्षांपूर्वी होडीबरोबर गेला तो आला नाही. वाडीचा रिवाज असा की बुडालेल्या माणसाच्या घराचा वाटा बंद होत नाही, पण प्रत्येक रापणीला त्या घरचा एक हात दोरीवर पडला पाहिजे. एकदा चुकला की वाटा तुटला. आई भागी रोज नदीपलीकडे फाट्याच्या (जळणाच्या) मोळ्या वाहायला जाते. म्हणून हात शेवंतीचा. दोन वर्षांची होती तेव्हापासून. बाकीच्या मुलांनाही दोरीला हात लावला की दोन-दोन मासे मिळतात. घरांतून पोरं सोडत नसत ती यासाठी. बाईंनी आयांना दिलेला शब्द तो हा: 'रापण लागली की मी स्वतः मुलांना दोरीवर नेईन. दार कधी बंद होणार नाही.'

"मासळी नाही म्हटल्यावर काही जण कुरकुरतच होते," बाई म्हणाल्या. "तीन वर्षं झाली, आता कशाला वाटा, म्हणून. त्यांना आज कारण मिळालं."

"पण कुणीतरी आत येऊन तिला न्यायचं ना!"

"आले होते की. तुम्ही परीक्षा आहे म्हणालात."

मी उरलेले तीन बांगडे केळीच्या पानात घेतले आणि एका चपलेने वाळू तुडवत भागीचं घर शोधलं. ती चुलीपुढे होती. पस्तिशीची असेल, पन्नाशीची दिसत होती. शेवंती तिच्या पाठीमागे झोपली होती. मी पान पुढे केलं.

"कोणाचे?" तिने विचारलं.

"माझे. म्हणजे मला दिलेले."

"मगे तुमी खावा."

"मुलीसाठी. चूक माझी आहे. मला माहीत नव्हतं."

"सायबानू," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तिचो बापूस गेलो, तेवापास्न ह्या घरान कोणाकडचो मासो घेवक नाय. हात लायलो, तेचो घेतलो." मग उठली. "थांबा."

कोनाड्यातून तिने काहीतरी आणून माझ्या हातावर ठेवलं. ओवलेली मण्यांची माळ. पोर गडबडीत मुठीत धरूनच धावली होती.

"ह्यां तुमचा," भागी म्हणाली. "तिणा चोरूक नाय. इसारली (विसरली)."

दुसऱ्या दिवशी सकाळी रापणकर वाळूत बसले असताना मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. भाषण रात्रभर रचलं होतं. दोष माझा, शिक्षा मला, मूल निरपराध, वगैरे. बोलता बोलता दोन पावलं मागे सरलो आणि होडीखालच्या ओंडक्याला अडखळून तोंडावर पडलो. कुणी हसलं नाही. वाळू थुंकत उठलो.

दाजी म्हणाले, "तुमी चुकलात ह्यां सगळ्यांका कळला, सायबानू. चेडवाचो दोष नाय ह्यांय कळता. पण आज येकाक सोडलंय, तर फाल्या दोरयेर कोण येतलो? प्रत्येकाचा कायतरी कारण आसताच."

"मग भागीच्या नावान सायबाचोच हात लाया!" मागून एक जण ओरडला. आता मात्र सगळे हसले.

"लावतो," मी म्हटलं.

दाजींनी समुद्राकडे पाहिलं.

"लाया," ते म्हणाले. "तुमच्या हातान रापण भरली, तर भागीच्या वाट्याचा बगया. रिकामी इली, तर विषय संपलो."

त्या दिवशी दुपारी मी काथ्याच्या दोरीला हात घातला. माझ्यापुढे सत्तरीचा एक म्हातारा, मागे एक गरोदर बाई. दोघंही माझ्यापेक्षा चांगलं ओढत होते. पहिल्या शंभर पावलांत तळहाताची साल गेली. पाऊण तासाने माझे पाय आणि मी यांचा संबंध तुटला. मागची बाई म्हणाली, "दोरयेक लोंबाकळू नकात हो, ओढा!" भागी आज कामाला गेली नव्हती. ती आणि शेवंती लांब माडाखाली उभ्या होत्या. मी देव फारसा मानत नाही. त्या दुपारी जेवढे आठवले तेवढे सगळे मानले. जाळं जवळ आलं, पाण्यात काहीतरी जड हललं, रांगेतून एक हुंकार निघाला, आणि माझं काळीज वर आलं.

वर आलं ते शेवाळ. टोपलीभर लिबलिबीत जेलीमासे, चार खेकडे, आणि एक फुटकी घागर.

दाजींनी जाळं पायाने उलटं केलं. "बगलात?" ते म्हणाले. "दर्यानय तुमचो हात घेवक नाय."

मी माडाखाली पाहिलं तर तिथे कुणी नव्हतं.

नंतरच्या दोन दिवसांत बालवाडीत एकही मूल आलं नाही. पहिल्या दिवशी इंदूबाई दारात बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाकडून तरी कोयता आणला, अडसराचे दोन तुकडे केले आणि दूध तापवायच्या चुलीत घातले. दूध पिणारं कुणी नव्हतं, तरी तापवलं. एक पेला मला दिला. मी नाक न धरता प्यालो.

"येतील," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी वर्ष लागलं होतं."

त्या मला टोचून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त मुलांच्या पाट्या पुसत होत्या, ज्यांवर काही लिहिलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. आभाळ उतरलेलं होतं, वारा पडला होता. आपाने ट्रंक तरीत ठेवली आणि या वेळी काही विचारलं नाही. मी बसलो आणि पाहतो तर समोरच्या फळीवर भागी आणि शेवंती. भागीच्या मांडीवर चुंबळ आणि कोयती. शेवंतीच्या डोक्याएवढीच दुसरी लहान चुंबळ तिच्याही मांडीवर. बालवाडी नाही, तर पोर ठेवणार कुणाकडे? वाटा नाही, तर मोळ्या दोन हव्यात.

तर निघाली. मी वही उघडली. एकोणीस मिनिटांचा आकडा तिथे होता, शेवंतीच्या नावापुढे, खाली दोन रेघा मारलेला. पुण्याला सगळे खूश होणार होते त्याच्यावर. खोडावा असं वाटलं. पण खोडला असता तर मी तिला बसवून ठेवल्याचा तेवढाच एक पुरावा, तोही गेला असता. सोललेल्या हातात पेन्सिल धरवत नव्हती. कशीबशी शेजारी लिहिलं: 'या वेळी दार बंद होतं.' पुढे पुष्कळ वर्षं मी मुलं मोजली. कुणी एखाद्या मुलाविषयी आकडा सांगितला, की तेव्हा दार उघडं होतं का बंद, आणि बाहेर काय चाललं होतं, हे मी विचारतो. लोकांना वाटतं हा माझा विक्षिप्तपणा. पण त्या सकाळी हे शहाणपण तरीत कुणाच्याही उपयोगाचं नव्हतं.

मी खिशातून ती माळ काढली आणि शेवंतीपुढे धरली. तिने आईकडे पाहिलं. आई पाण्याकडे बघत होती. शेवंतीने माळ घेतली नाही. तिने आधी माझ्या हातांवरच्या फडक्यांकडे पाहिलं, मग एका पायातल्या चपलेकडे, मग दुसऱ्या, अनवाणी पायाकडे. खूप वेळ पाहिलं. मग आईच्या कानाशी जाऊन काहीतरी विचारलं.

भागीच्या तोंडावर त्या चार दिवसांत मी पहिल्यांदा हसू पाहिलं. तिने ते पदराने लगेच पुसलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काय नाय."

"सांग गो," आपा वासा रेटत म्हणाला. "सायब लिवन घेतले (घेतील)."

भागीने माझ्याकडे सरळ बघितलं.

"ती इचारता, ह्येंच्या आवशीन ह्येंका येकट्याक सोडल्यान कसा?"